कोल्हा निसटावा असं आपल्याला का वाटतं? ‘द डे ऑफ द जॅकल’ आणि तुमची मतं

(या आठवड्याच्या भागाचं शब्दांकन. लोकलमध्ये रेंज नसेल, इयरफोन घरी विसरला असाल, तर वाचा.)

 

मागच्या भागाच्या शेवटी मी तुम्हाला एक गृहपाठ दिला होता, आठवतंय? म्हटलं होतं, 1973 सालचा ‘द डे ऑफ द जॅकल’ बघा आणि व्हॉइस नोट पाठवा. मला वाटलं होतं, पाच-सहा येतील. पन्नास वर्षांपूर्वीचा सिनेमा, त्यात गाणी नाहीत, मारामारी नाही, कोण बघणार? पण इतक्या नोट्स आल्या की दोन रात्री मी फक्त तुमचे आवाज ऐकत होते. आणि तुम्ही लोक आपापसात जाम भांडलायत! तर आज तुमच्या मतांवरच बोलू.

आधीच सांगते, आज सगळं फुटणार आहे. शेवटसुद्धा. ज्यांनी बघितला नाही त्यांनी हवं तर इथेच थांबा, बघून या. तसंही या सिनेमाचा शेवट पहिल्या मिनिटापासून सगळ्यांना माहीत असतो. तीच तर गंमत आहे.

गोष्ट थोडक्यात. फ्रान्स, 1963. राष्ट्राध्यक्ष आहेत चार्ल्स द गॉल. त्यांनी अल्जीरियाला स्वातंत्र्य द्यायचं ठरवलं, 1962 मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. तिथे स्थायिक झालेले फ्रेंच आणि सैन्यातले काही कट्टर अधिकारी यामुळे पेटले. त्यांची एक गुप्त सशस्त्र संघटना होती, ओएएस. 22 ऑगस्ट 1962 ला पॅरिसजवळ पेती-क्लामार इथे द गॉल यांच्या गाडीवर या गटाने बेछूट गोळीबार केला. टायर फुटले, काच फुटली, पण गाडीतल्या कुणालाही गोळी लागली नाही. हा खरा इतिहास आहे. त्या कटाचा सूत्रधार बास्तियाँ-तिरी याला मार्च 1963 मध्ये गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला. हेही खरं.

इथून पुढे कल्पना सुरू होते. ओएएसचे उरलेले नेते विचार करतात, आपली माणसं पोलिसांना माहीत आहेत, बाहेरचा माणूस हवा. मग ते एका इंग्रजाला सुपारी देतात. रक्कम पाच लाख डॉलर. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. सांकेतिक नाव जॅकल, म्हणजे आपला कोल्हा. एका बाजूला हा माणूस तयारी करत पॅरिसकडे सरकतोय आणि दुसऱ्या बाजूला क्लोद लेबेल नावाचा एक साधासा पोलीस अधिकारी त्याला शोधतोय. बस, एवढंच.

फ्रेडरिक फोरसाइथ यांनी ही कादंबरी लिहिली तेव्हा द गॉल जिवंत होते. प्रकाशकांनी ती परत पाठवली, एकाने नाही, अनेकांनी. त्यांचा मुद्दा सरळ होता. खून फसला हे सगळ्या जगाला माहीत आहे, मग वाचणारा वाचेल कशाला? 1971 मध्ये पुस्तक आलं आणि लोकांनी ते अक्षरशः उचलून धरलं. दोन वर्षांनी फ्रेड झिनेमन यांनी सिनेमा केला.

आता तुमच्या नोट्स.

पहिली सांगलीची, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. म्हणतो, “ताई, दोन तास तेवीस मिनिटांचा सिनेमा, त्यात पहिला तासभर तो नुसती शॉपिंग करतो! पासपोर्ट घेतो, बंदूक बनवून घेतो, केसांना लावायचा रंग घेतो. माझा रूममेट झोपला.”

भावा, रूममेटला दोष देणार नाही मी. आपल्याला सवय आहे पहिल्या पाच मिनिटांत गाडी उडायची. इथे पार्श्वसंगीतसुद्धा जवळजवळ नाही. म्हणजे घाबर, आता हस, आता रड, असं सांगणारं कुणी नाही. तुम्ही आणि तो माणूस, दोघंच.

पण याच शॉपिंगबद्दल दुसरी नोट ऐका. नाशिकची एक मैत्रीण, बँकेत नोकरी करते. ती म्हणाली, “मला तो कलिंगडाचा सीन डोक्यातून जाईना. तो नेम साधत होता आणि मी मनात म्हणत होते, अजून थोडं डावीकडे घे. आणि मग एकदम लाज वाटली.”

हा सीन ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. जंगलात झाडाला एक कलिंगड टांगलेलं आहे, त्यावर रंगाने तोंड काढलंय. जॅकल लांबून गोळी मारतो. नेम चुकतो. स्क्रू ड्रायव्हरने दुर्बीण किंचित फिरवतो. पुन्हा गोळी. जवळ येते. पुन्हा फिरवतो. अतिशय शांतपणे, एखादा घड्याळजी घड्याळ दुरुस्त करतो तसं. आणि शेवटी तो खास गोळी भरतो, लागल्यावर फुटणारी. कलिंगडाच्या चिंधड्या होतात.

ते कलिंगड म्हणजे माणसाचं डोकं आहे. हे आपल्याला माहीत असतं. तरी आपण मनात म्हणतो, वा, काय नेम आहे!

नोट्स मोजल्या नाहीत, पण निम्म्याहून जास्त लोकांनी हेच कबूल केलंय. कुणी हसत, कुणी चाचरत. “शेवटी तो निसटायला हवा होता.” “एक गोळी तरी लागायला हवी होती.” “चेकपोस्टवर गाडी थांबवली तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला.” अरे, तो सुपारी घेऊन माणूस मारायला चाललाय! आणि आपल्या पोटात गोळा कशाचा, तर तो पकडला जाईल याचा!

असं का होतं? मला वाटतं, नीट केलेलं काम बघायला माणसाला आवडतं. हातगाडीवरचा डोसेवाला झरझर डोसा पसरतो तेव्हा आपण उभे राहून बघतोच ना? रील्समध्ये कुणी भिंतीला प्लास्टर करतंय, कुणी मडकं घडवतंय, आपण दहा मिनिटं बघत बसतो. कौशल्य दिसलं की आपण त्या हातांच्या बाजूने होतो. ते हात काय करणार आहेत हा प्रश्न मागे पडतो. झिनेमन यांना हे बरोबर कळलं होतं. जॅकलच्या भूमिकेत त्यांनी एडवर्ड फॉक्सला घेतलं, तेव्हा तो काही मोठा स्टार नव्हता. आपल्याला त्याचं बालपण सांगितलं जात नाही, दुःख सांगितलं जात नाही, तो हे का करतो हेही नाही. फक्त हात दिसतात. काम दिसतं.

गंमत बघा, 1988 मध्ये मल्याळममध्ये ‘ऑगस्ट 1’ नावाचा सिनेमा आला, याच गोष्टीवरून प्रेरित. मुख्यमंत्र्यांना मारायची सुपारी. मारेकरी झालेत कॅप्टन राजू, आणि मागावरचा पोलीस कोण? मामुट्टी! म्हणजे आपल्याकडे स्टार पोलिसाला दिला. प्रेक्षक कुणाच्या बाजूने असणार हा प्रश्नच मिटला. 1973 च्या सिनेमात ही सोय नाही. तिथे कुणाच्या बाजूने व्हायचं ते तुम्हीच ठरवायचं, आणि आपण बरेच जण चुकीच्या बाजूला सापडतो.

पण सगळे नाही हां. छत्रपती संभाजीनगरचा एक जण पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे मैदानावर धावताना आपला पॉडकास्ट ऐकतो. त्याची नोट मला फार आवडली. तो म्हणतो, “सगळे जॅकल जॅकल करतात. मला लेबेल आवडला. तो काही हिरो नाही. तो नुसते कागद बघतो.”

अगदी बरोबर! मायकेल लॉन्सडेलने केलेला लेबेल बघा. चुरगळलेला सूट, झोप नाही, ऑफिसातच मुक्काम, वर मंत्री डोक्यावर बसलेले. त्याची शस्त्रं कोणती? फ्रान्समधल्या हॉटेलांत भरलेल्या नोंदणीच्या चिठ्ठ्या. रोज रात्री गोळा करायच्या, सकाळी चाळायच्या. मंत्र्यांच्या बैठकीतली बातमी फुटतेय असा संशय येतो, तर हा पठ्ठ्या बैठकीतल्या सगळ्यांचेच फोन टॅप करतो. कुणाचा करायचा हे माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांचा! नंतर भरबैठकीत तसं शांतपणे सांगतोही.

आणि इथे थोडं थांबूया. कारण सरकारची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाहीये. जॅकल हे सांकेतिक नाव पोलिसांना कळतं कसं? ओएएसच्या एका निरोप्याला रोममधून पळवून आणतात, त्याचा छळ करतात, आणि त्या छळाच्या टेपमधून तो शब्द सापडतो. सिनेमा हे लपवत नाही आणि त्यावर भाषणही देत नाही. कोल्हापूरच्या एका लॉ स्टुडंटने हाच मुद्दा मांडलाय. ती विचारते, “मी लेबेलच्या बाजूने व्हायचं, तर त्या टेपचं काय करू?” माझ्याकडे उत्तर नाही. पण प्रश्न सोडू नका.

आता चौथी नोट. पुण्याचा एक जण म्हणतो, जुना सिनेमा मला थंड वाटला, 2024 ची सिरीज जास्त भावली. एडी रेडमेनची, दहा भागांची. त्यात जॅकलला बायको आहे, लहान मूल आहे, भूतकाळ आहे. त्याच्या मागावर असलेली एमआय-सिक्सची बियांका, लशाना लिंचने केलेली, तीसुद्धा कामापायी स्वतःचं घर विस्कटते. “इथे तो माणूस वाटतो,” असं या मित्राचं म्हणणं. आणि त्याच्या बरोबर उलट बोलणारेही आहेत: “त्याच्या घरच्या भानगडी आल्या की मी फास्ट फॉरवर्ड करायचो.”

मला दोन्ही पटतं. पण एक फरक सांगू? सिरीजमध्ये तुम्ही जॅकलच्या बाजूने असलात तर तुमच्याकडे कारण आहे, त्याचं बाळ आहे ना घरी! जुन्या सिनेमात काहीही कारण नाही. तिथे तुम्ही विनाकारण त्याच्या बाजूने आहात. ते जास्त टोचतं. आणि टोचलेलं बरं.

आता मी माझं सांगते. हा भाग करायचं खरं कारण हेच आहे.

मी सिनेमा आईबरोबर बघितला. लॅपटॉप डायनिंग टेबलवर, आई समोर शेंगा सोलत होती. सुरुवातीलाच तो प्रसिद्ध पासपोर्टचा भाग येतो. जॅकल एका गावच्या चर्चजवळच्या दफनभूमीत फिरतो. थडग्यांवरची नावं वाचतो. त्याला एक नाव सापडतं, पॉल ऑलिव्हर डग्गन. लहानपणीच गेलेलं मूल. जगलं असतं तर जॅकलच्याच वयाचं झालं असतं. मग हा सरकारी कचेरीत जाऊन त्या मुलाचा जन्माचा दाखला काढतो, आणि त्या दाखल्यावर पासपोर्ट. जन्म आणि मृत्यूच्या नोंदी वेगवेगळ्या, कुणी ताडून बघत नाही. झालं काम!

मी आईला म्हटलं, “बघ ना, काय डोकं आहे!”

आईने शेंगा सोलायच्या थांबवल्या. म्हणाली, “अगं, पण त्या पोराची आई?”

मंडळी, माझ्या आधी आमच्या घरात एक मुलगा झाला होता. दीड वर्षाचा असताना तापाने गेला. मी त्याला पाहिलेलं नाही. त्याचा जन्माचा दाखला आईच्या कपाटात आहे, साडीच्या घडीत, प्लास्टिकच्या पिशवीत. त्याच्याबद्दल घरात फारसं कुणी बोलत नाही. पण दरवर्षी एका ठरावीक दिवशी आई खीर करते आणि का केली ते कुणी विचारत नाही.

मी सिनेमा थांबवला नाही. पण त्यानंतर मला तो पासपोर्ट फक्त पासपोर्ट दिसला नाही. तो माणूस हॉटेलात जातो, सही करतो, सीमेवर कागद पुढे करतो, आणि कुणाच्या तरी मेलेल्या बाळाचं नाव वापरतो.

तुम्ही म्हणाल, अगं, सिनेमा आहे. हो, पण ऐका. ही पळवाट खरी होती. कादंबरी आल्यावर तीन वर्षांनी, 1974 मध्ये, जॉन स्टोनहाउस नावाचे ब्रिटिश खासदार मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून गायब झाले. लोकांना वाटलं बुडाले. ते ऑस्ट्रेलियात सापडले. पासपोर्ट कुणाच्या नावाचा? त्यांच्याच मतदारसंघातल्या एका मृत माणसाच्या.

आणि पुढचं तर मला वाचवेना. ब्रिटिश पोलिसांचं एक गुप्त पथक होतं, 1968 मध्ये सुरू झालेलं. त्यातले पोलीस आंदोलकांच्या गटांमध्ये खोट्या नावाने वर्षानुवर्षं राहायचे. खोटं नाव आणायचं कुठून? मेलेल्या मुलांच्या नोंदींतून. नाव, जन्मतारीख, सगळं त्या मुलाचं. आणि या पद्धतीला पोलीस आपापसात काय म्हणायचे माहितीये? ‘जॅकल रन’. याच कादंबरीवरून! 2013 मध्ये वर्तमानपत्राने हे उघड केलं. चौकशीत किमान 42 मुलांची ओळख वापरल्याचं समोर आलं. लंडनच्या पोलीस आयुक्तांना त्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली. आईबापांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणजे बघा, आपण घरी बसून “काय डोकं आहे!” म्हणतो. कुणीतरी सरकारी नोकरीत बसून तेच म्हणत होतं, आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडत होतं. आणि इथे वापरणारे कोण? मारेकरी नव्हे, पोलीस!

आता परत सिनेमाकडे चला, कारण त्यात एक गोष्ट आहे जी मला दुसऱ्यांदा बघताना दिसली. जॅकलचं खोटं नाव उघडं पडतं कसं? लंडनमध्ये पोलीस अलीकडचे पासपोर्टचे अर्ज घेतात आणि मृत्यूच्या नोंदींशी एकेक करून ताडून बघतात. कंटाळवाणं कारकुनी काम. आणि त्यात निघतं, पॉल ऑलिव्हर डग्गन, अर्ज ताजा, मृत्यू केव्हाचा. म्हणजे ज्या पोराला कुणी विचारणार नाही असं जॅकलने गृहीत धरलं होतं, त्याच पोराच्या दाखल्याने त्याला पहिला धक्का दिला. मी आईला हे सांगितलं. ती फक्त “बरं झालं” म्हणाली.

दुसऱ्यांदा बघताना मी त्याने मारलेल्या माणसांकडेही नीट बघितलं. जास्त पैसे उकळायला गेलेला खोटे कागद बनवणारा. त्याच्यावर विश्वास टाकणारी कोलेट. त्याला आपल्या घरात आसरा देणारा पॅरिसमधला माणूस. प्रत्येक खून पटकन होतो, गाजावाजा नाही, आणि सिनेमा पुढे जातो. आपणही पुढे जातो. कलिंगड आपल्याला आठवतं, कोलेटचं नाव आठवत नाही. माझ्या इनबॉक्समध्ये कलिंगडावर ढीगभर नोट्स आहेत. कोलेटवर एकच.

आणि शेवट. 25 ऑगस्ट, पॅरिसच्या मुक्तीचा दिवस. एक पाय नसलेला म्हातारा सैनिक, छातीवर पदकं, कुबडी घेऊन पोलिसांच्या कड्यातून आत जातो. बंदूक त्या कुबडीतच आहे. खिडकीतून नेम धरतो. गोळी सुटते, आणि नेमक्या त्या क्षणी द गॉल एका सैनिकाला पदक देऊन त्याच्या गालाचं चुंबन घ्यायला खाली वाकतात. गोळी डोक्यावरून जाते. इतकी तयारी, इतकं कलिंगड, आणि वाचवलं कशाने? वाकण्याने. फ्रेंच रिवाजाने. इंग्रज मारेकऱ्याच्या हिशेबात ते नव्हतंच!

तो दुसरी गोळी भरेपर्यंत लेबेल दारात असतो.

मग शेवटचा सीन. ज्याला सगळे चार्ल्स कॅलथ्रॉप समजत होते, तो खरा कॅलथ्रॉप आपल्या लंडनच्या घरी परत येतो. म्हणजे मेलेला माणूस तो नव्हताच. कोण होता? कुणालाच माहीत नाही. त्याला बेवारस पुरतात. नाव नसलेलं थडगं, आणि अंत्यविधीला एकटा लेबेल.

ज्याने थडग्यावरून नाव उचललं त्याच्या थडग्यावर नाव नाही. सिनेमा हे बोलून दाखवत नाही. लेबेल वळतो आणि चालू लागतो.

तर मंडळी, जॅकल निसटावा असं वाटलं म्हणून तुम्ही वाईट माणूस ठरत नाही. मलाही वाटलं होतं. सिनेमा तसाच बांधलाय. पण त्या नाशिकच्या मैत्रिणीला जी लाज वाटली ना, ती जपून ठेवा. कुणाचं कौशल्य बघून तोंडातून “वा!” निघालं की एकदा विचारा, हे कुणाच्या जिवावर चाललंय? आईने विचारलं तसं.

पुढच्या भागासाठी गृहपाठ सोपा आहे. हाच सिनेमा पुन्हा बघा, पण या वेळी घरातल्या मोठ्या माणसाबरोबर. आई, बाबा, आजी, कुणीही. आणि ते मध्येच काय बोलतात ते मला पाठवा. सबटायटल वाचून दाखवावी लागली तर वाचून दाखवा, कंटाळा करू नका.

मी निघते. आईने आज खीर केलीये.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात!